मामांनी जपलेली लाल गाडी

आमच्या मामांइतका वस्तू जपणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि जपून जपून वस्तूंची इतकी वाट लावणाराही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. गावातल्या बुधवारा पेठेत घर, नदीपलीकडे केळीचे मळे, खाऊन-पिऊन सुखी. त्यांच्या बैठकीतल्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक बारा वर्षांत निघालं नाही. वैशाखात पाहुणा त्यावरून उठायचा तेव्हा सदरा सोफ्यालाच राहतो की काय अशी भीती वाटायची. लग्नात मिळालेलं घड्याळ त्यांनी इतकं सांभाळून ठेवलं की मुलीच्या लग्नात बांधायला काढलं तेव्हा पट्ट्याचा भुगा हातात आला. समोर केळी आली की डागाळलेलं आधी संपवायचं, चांगलं उद्यासाठी ठेवायचं, हा त्यांचा नियम. उद्यापर्यंत चांगल्यावरही डाग पडायचा आणि तेच पुन्हा. दिल्लीला ट्रकच्या ट्रक केळी पाठवणाऱ्या या माणसाने स्वतः आयुष्यात एक तरी धड केळं खाल्लं असेल असं मला वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी मी त्यांना इंदूरला डोळे दाखवायला घेऊन गेलो. काचबिंदू निघाला, आणि तोही बराच पुढे गेलेला. आधी बाजूची नजर जाते, मग समोरची. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काही हौसमौज असेल तर दोन-तीन वर्षांत उरकून घ्या, असंही म्हणाले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, बाहेर येऊन चहा प्यायला, आणि संध्याकाळच्या आत दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली लालभडक परदेशी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ती दवाखान्याशेजारच्या बंगल्यात उभी होती. मालक वारले होते आणि त्यांच्या पत्नीला जागा मोकळी हवी होती. तरुणपणी मुंबईला एकदा मामांनी अशी गाडी सिग्नलला पाहिली होती. सिग्नल सुटल्यावर ती क्षणात दिसेनाशी झाली, तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती म्हणे. त्यात ही गाडी एकोणीस वर्षांची असून पळालेली फक्त अकरा हजार किलोमीटर.

"एकोणीस वर्षांत अकरा हजार," परतीच्या वाटेवर ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "जवाईबापू, याला म्हंतात जपणं. हे लोक आपल्यातले हायेत."

गाडी ट्रेलरवरून बुधवाऱ्यात आली तेव्हा सगळी गल्ली जमली. तिच्यात बसायला मामांना आधी जवळजवळ जमिनीवर बसावं लागे, आणि बाहेर काढायला दोन माणसं लागत. पण चालवायचं नाव नाही. जुन्या बाजारातल्या मिस्त्रीने बजावलं की अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी फिरवा, उभ्या उभ्या रबर वाळतं, ब्रेक धरून बसतात, टाकीतलं पेट्रोल नासतं. मामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. चालवली की आकडा वाढणार, आणि आकडा वाढला की गाडीत राहिलं काय, असा त्यांचा हिशेब. दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचे हार चढले, चारी चाकांखाली रीतीप्रमाणे लिंबं ठेवली गेली. आता गाडी पुढे घेऊन लिंबं फोडायची, तर मामा म्हणाले, राहू द्या. ती लिंबं तिथेच सुकून काळी पडली, आणि पुढच्या दसऱ्याला मामींनी झाडूने काढली.

मामी अधूनमधून म्हणत, "अहो, एक चक्कर तर मारून या. दिसतंय तोवर." इतकं उघड बोलणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मामा म्हणत, इंदूरच्या रस्त्याचं काम होऊ द्या. मग म्हणत, पावसाळा जाऊ द्या. एव्हाना जेवताना त्यांचा हात लागून बाजूचा पेला सांडू लागला होता. ओळखीची माणसं शेजारून जात आणि मामांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं म्हणून रुसत. आम्ही सगळे डोळ्यांबद्दल बोलायचं टाळून गाडीबद्दल बोलायचो.

मग एक चूक झाली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. आमचा कच्ची केळी पिकवून देण्याचा धंदा. थंड खोल्या आहेत, त्यांना इथे चेंबर म्हणतात. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. टायरला भेगा दिसायला लागल्या तेव्हा मामा माझ्याकडे आले. जे केळाला नासू देत नाही ते गाडीला कसं नासू देईल, एक चेंबर रिकामं आहे ना, असं म्हणाले. मी हो म्हटलं. केळाचं साल सुकू नये म्हणून चेंबरच्या फरशीवर आम्ही रोज पाणी मारतो, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मामा आनंदात होते आणि मला त्यांना नाही म्हणवेना. वर्षभर ते दर गुरुवारी येऊन कापडी आच्छादनावरूनच गाडीला हात लावून जात. नंतर चेंबर पुन्हा केळीसाठी लागलं, पण कोपऱ्यातली गाडी काही मी हलवली नाही.

यंदाच्या गुढीपाडव्याला मामींनीच दिवस ठरवला. असीरगडापर्यंत जायचं, मामा चालवतील, शेजारी मी, मागून दुसऱ्या गाडीने मिस्त्री. आच्छादन काढलं. सीटवर हिरवी बुरशी, दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या, चाकं जागच्या जागी धरलेली. मिस्त्रीने खाली वाकून पेचकस टेकवला तर तो गाडीच्या तळाच्या पत्र्यातून सरळ आत गेला. मामा बाजूला उभे राहून विचारत होते, काय झालं, बोला की. त्यांना ते दिसलं नव्हतं.

नवा पत्रा, नवे ब्रेक, टाकीची सफाई यात दिवाळी आली. तोवर मामांना समोरचं तोंडही धूसर दिसू लागलं होतं. शेवटी गेल्या महिन्यात ती गाडी मी चालवली आणि ते शेजारी बसले. असीरगडाच्या पायथ्याशी पोचल्यावर त्यांनी मला उतरवलं, मला धरून गाडीला फेरा मारून चालवायच्या जागेवर बसले. इंजिन सुरू होतं. दोन्ही हात त्यांनी स्टिअरिंगवर ठेवले, आणि मला राहवेना म्हणून मी बोलून टाकलं की मामा, चेंबरमध्ये ओल असते, मला माहीत होतं, मी तुम्हाला अडवायला हवं होतं.

"मला माहीत नव्हतं का?" मामा म्हणाले. "चाळीस वर्षं केळी केली मी. घरासमोर उभी असती तर तुमची मामी रोज म्हंली असती, चालवा. आणि मी तर घेतली त्या दिवशीच घाबरलो होतो, जवाईबापू. कोणाचं पोर आडवं आलं असतं अन् मला दिसलं नसतं, तर?"

मला त्यांचा राग आला. चार वर्षं आम्ही सगळे त्यांच्या जपण्याला हसलो, आणि त्यांनी आम्हाला हसू दिलं. मग राग माझ्यावरच उलटला, कारण घाबरलात का, असं त्यांना एकदाही कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी खाली वाकून इंजिन बंद केलं. मामांनी हात मात्र स्टिअरिंगवरून काढले नाहीत. गडावरून ऊन उतरेपर्यंत ते तसेच बसले, आणि मी दार उघडं धरून उभा राहिलो.