सुतळीची मूठ

कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे भट्टी. गिऱ्हाईक येतं, भिंतीवरची तलवार उतरवतं, हातात दोनदा वर-खाली करतं आणि म्हणतं, "वजन बरं हाय." माझं डोकं तिथंच फिरतं. मागे एकाला मी तोंडावर बोललो, "वजन बघायचं तर हिंगोलीच्या मोंढ्यात जा, हळद घे." तो गेला तो परत आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

खरं तर तो माझीच जुनी चूक करत होता. मी लहानपणापासून दुसऱ्याच्या भट्टीवर भाता ओढला, मग स्वतःची भट्टी टाकली. विळे, कुऱ्हाडी, वखराला खाली लावायच्या लोखंडी पात्या, म्हणजे पासा, करायचो आणि बाजारात मांडायचो. आमच्याकडचा माणूस पास विकत घेताना ती हातात तोलतो. जड लागली की भाव देतो, हलकी लागली की खाली ठेवतो. त्यामुळे मीही जड माल करायला शिकलो आणि जड भाव सांगायला शिकलो. घासाघीस करण्यात मला हरवणारा माणूस त्या बाजारात नव्हता.

वस्ताद पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक जुनी, गंजकी धोप तलवार होती. सरळ पात्याची, त्यांच्या पणजोबांच्या वेळची. कळमनुरीत त्यांची तालीम होती. लाठी, दांडपट्टा, तलवार शिकवायचे. पोरांना सरावासाठी अशाच तलवारी हव्या होत्या, पण बोथट. मी धोप पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं कड ओढली, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तशीच्या तशी कापली, घासली, चकाकवली. चांगली दणदणीत झाली. भावही मी दणदणीत सांगितला.

वस्तादांनी ती उचलली, एकदा फिरवली आणि खाली ठेवली.

"शेठ, ही पास हाय. वखराला लावा."

"काहून? मापात बराबर हाय ना?"

"मापात हाय. पण ही हाताला ओढून राहिली. तलवारीनं हाताचं ऐकलं पाहिजे."

मी चिडलो. न्यायची तर न्या, नाहीतर राहू द्या, म्हटलं. ते हसले. जुनी धोप त्यांनी एका बोटावर आडवी ठेवली. परजेपासून, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीपासून, चार बोटं पुढे ती ठरली, जराही हलली नाही. माझी तलवार ठेवायला गेले तर टोक धाडकन जमिनीवर आलं. मग त्यांनी मला जुन्या पात्याची पाठ चिमटीत धरायला लावली. मुठीपाशी जाड होती आणि टोकाकडे जाता जाता पातळ होत गेली होती, इतकी हळूहळू की डोळ्याला कळत नव्हतं. पुठ्ठ्यावर कड ओढताना मला हे दिसणारच नव्हतं. मी आकार उतरवला होता, तलवार उतरवली नव्हती.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. मी आधी बाभळीच्या फळीचा नमुना करायचो. त्याला कुठे शिसं चिकटवायचो, कुठे रंधा मारायचो, आणि वस्तादांच्या हातात द्यायचो. ते डोळे मिटून फिरवायचे. "टोकाला अजून जीव ज्यादा हाय," म्हणायचे. मी पुन्हा घासायचो. त्यांना डोळे मिटायची गरजही फारशी नव्हती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात येऊ लागला होता. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायचे, "दिसून काय करू? तुमचं तोंडच बघायचं ना?"

सरावाची तलवार करणं हे धारदार तलवारीपेक्षा अवघड, हे मला तेव्हा कळलं. सरावाच्या तलवारीची कड नाण्याएवढी जाड ठेवावी लागते, टोक गोल करावं लागतं. म्हणजे लोखंड वाढलं, म्हणजे तोल गेला. मग पात्याच्या मधून पन्हळ कोरून वजन काढायचं आणि मुठीच्या शेवटी गोळा लावून तोल मागे आणायचा. कापायची तलवार वेगळीच. तिचं पातं रुंद आणि पातळ. ती केळीच्या खुंटावर किंवा ओल्या गोणपाटाच्या गुंडाळीवर चालवून बघायची. ती करायला परवाना लागतो. त्यासाठी मी हिंगोलीच्या कचेऱ्यांचे इतके उंबरे झिजवले की तिथले शिपाई मला चहा विचारायला लागले.

वस्तादांचा एक नियम होता. सरावाच्या तलवारीच्या मुठीला सुतळी गुंडाळायची आणि कापायच्या तलवारीच्या मुठीला चामडं. "डोळा चुकतो, अंधार असतो, घाई असते," ते म्हणायचे. "मूठ धरली की हाताला कळलं पाहिजे, ही खेळायची हाय का कापायची." तालमीतल्या सगळ्या पोरांना हे पाठ होतं. त्यांच्या मुलीला तर सगळ्यात जास्त. ती त्यांची एकुलती एक. त्या तालमीत तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. ती तलवार फिरवायला लागली की वस्ताद बोलणं थांबवायचे, आणि तेवढ्यानं मला कळायचं की हा माणूस कशासाठी जगतो.

आमच्या तलवारींचे फोटो कुणीतरी मोबाईलवर टाकले आणि शहरातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला परदेशी तलवारी हव्या होत्या. तिकडचे लोक म्हणे जुन्या मध्ययुगातल्या तलवारींसारख्या करून घेतात आणि त्यांनी सराव करतात, कापूनही बघतात. लांब, सरळ, दोन्ही हातांनी धरायच्या, मुठीशी आडवा दांडा. वस्तादांनी फोटो डोळ्याजवळ धरून पाहिला.

"हा क्रूस हाय का तलवार?"

"तलवार हाय. दोन हातानं धरतात."

"हात तर त्या लोकालाबी दोनच असतील. मग ढाल कशात धरतात, दातात?"

पण दुसऱ्या दिवशी तेच आधी दुकानात हजर. आम्ही महिनोन्महिने त्या लांब पात्याशी झटलो. तोल परजेपासून किती पुढे ठेवायचा, मूठ किती लांब, गोळा केवढा. शेवटी सरावाची तलवार जमली. कापायची राहिली होती.

व्यापारी सारखा फोन करायचा. त्याचं म्हणणं, दोन्ही प्रकारांना एकच मूठ लावा, सुतळीची. तिकडच्या लोकांना ती पकडायला बरी वाटते आणि दिसायला जुनी दिसते. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ऐकलंत तर भाव वाढवतो. इथे मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. मला भाव वाढवून घ्यायचा होता आणि द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी ती मूठ देऊन टाकली. बाजारात आपण जशी वरची दोन कणसं सोडून देतो, तसा मी वस्तादांचा नियम सोडून दिला. वर मनाशी म्हटलं, माल परदेशी जाणार, इथल्या कुणाच्या हाताला काय फरक पडतो.

कापायच्या तलवारीचा पहिला नमुना तयार झाला. पात्याला पाणी चांगलं चढलं होतं, तोल असा आला होता की मलाच माझा अभिमान वाटला. तेल लावलं आणि गाडीला बांधून थेट तालमीत घेऊन गेलो. वस्तादांना दाखवायचीच होती. सुतळीचं सांगायचंही होतं. आधी तोल बघून खूश होऊ द्यावं, मग सांगावं, असा माझा हिशेब होता. व्यापारी माणसाचा हिशेब. चांगली गोष्ट आधी पुढे करायची.

संध्याकाळची वेळ, तालमीत एकच दिवा. तलवार भिंतीला टेकवली आणि "वस्ताद, आणली बघा" म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. व्यापारीच होता. त्यानं ठरलेल्या भावातून पुन्हा पाय काढला होता. मी तालमीच्या दारातून बाहेर आलो आणि त्याच्यावर तोंड सोडलं. माझा आवाज पार रस्त्यापलीकडे जात असणार. म्हणून आतून आलेला पहिला आवाज मला ऐकूच आला नाही. मुलगी किंचाळली तेव्हा मी फोन खाली घेतला.

झालं ते असं. वस्तादांनी तलवार उचलली, फिरवली आणि हरखून गेले. मुठीला सुतळी, म्हणजे सरावाची. मुलीच्या हातात दिली, "बघ, कशी बोलून राहिली." वस्तादांच्या हातातून आलेली तलवार त्या तालमीत कुणी पुन्हा तपासत नसे. डाव्या-उजव्या हाताला गोणपाट गुंडाळून पोरांचे वार हातावर झेलायची त्यांची जुनी पद्धत होती, म्हणजे पोरांना अंतर कळतं. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "ये." ती आली. तिला शिकवलं होतं तसा तिनं पूर्ण वार केला. आणि मी ती तलवार ओलं गोणपाट कापण्यासाठीच केली होती.

नांदेडच्या दवाखान्यात हात शिवला. जखम भरली, पण आतल्या शिरा तुटल्या त्या तुटल्या. तीन बोटं मिटत नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं कापलं? मी तिथेच उभा होतो, खरं सांगायला तोंड उघडलं होतं. वस्ताद म्हणाले, "शेडचा पत्रा लागला." पोलिसांच्या कागदावरही तेच आलं. माझा परवाना वाचला. मला न विचारता, माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी तो वाचवला.

माझा त्यांच्यावर राग आहे तो याच गोष्टीचा. लोकांना वाटेल हा माणूस उलटा आहे. असेन. पण मी आयुष्यभर कुणाचं फुकट घेतलेलं नाही. त्यांनी मला शिव्या द्यायच्या होत्या. गचांडी धरायची होती, दुकानासमोर उभं राहून चार लोकांत माझी अब्रू काढायची होती. मी उलट बोललो असतो, ते बोलले असते, शेवटी काहीतरी ठरलं असतं. भांडण मला येतं. त्यांनी भांडणच ठेवलं नाही. आठ दिवसांनी टेम्पोतून सगळ्या सरावाच्या तलवारी परत आल्या, एकेक फडक्यात गुंडाळलेली. टेम्पोवाल्याला विचारलं, निरोप काय? तो म्हणाला, "काही न्हाई सांगितलं."

व्यापाऱ्याला मी त्याच दिवशी तोडलं. कापायची तलवार त्यानंतर केली नाही. हे वस्तादांना कळावं म्हणून मी दोन-तीन माणसांमार्फत कळवलं, काय करू तेही विचारलं. उत्तर नाही. शेवटी गेल्या महिन्यात मीच घरी गेलो.

ते ओसरीवर बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. डाव्या हातात कप होता.

"या भाऊ," म्हणाले. शेठ म्हणाले नाहीत.

मी रस्त्यात सगळं जुळवून ठेवलं होतं. घडाघडा बोलून टाकलं. "वस्ताद, काय करू ते सांगा. दुकान बंद करू? करतो. हाताला मुंबईला दाखवायचं? माझ्या खर्चानं दाखवू. पोलिसात जाऊन खरं सांगू? आत्ता जातो. पण काहीतरी मागा."

"हाताचं काय घेऊन बसले. म्हातारा झालो, हात आज न्हाई तर उद्या थकणारच व्हता."

"मग तालीम काहून बंद केली?"

त्यांनी कप खाली ठेवला. आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पोरगी तलवारीला हात लावत न्हाई. लाठीलाबी न्हाई. घरात सुरी दिसली तरी नजर काढून घेते. तीन वर्सांची व्हती तवापासून शिकवलं तिला. ती हातात धरील तवा मी तालमीचं कुलूप काढीन. देता आणून? द्या मग."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मागणी सांगितली होती आणि माझ्याकडे सांगायला भाव नव्हता.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली, खांद्याला बॅग. हिंगोलीला कॉम्प्युटरचा क्लास लावलाय म्हणाली. "काका, तुमी स्टँडकडून जाऊन राहिले का? मला सोडता?"

ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसली. रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा. सुतळी मी लावली होती, तुझा काही दोष नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य मी पेट्रोल पंपापाशी सुरू केलं, बँकेपाशी पुन्हा सुरू केलं. पुढे ट्रक होता, हॉर्न होते, आणि रस्त्यापलीकडे जाणारा माझा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचेना. स्टँडवर हिंगोलीची गाडी लागलेली होती. ती उतरली, ओढणी नीट केली.

"काका, बाबाला सारखं इचारत जाऊ नका," ती म्हणाली. "तुमचा निरोप आला की ते दोन दोन दिवस जेवत न्हाईत."

मी मान हलवली. ती गाडीत चढली आणि खिडकीजवळ न बसता पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.