शाळेच्या माळवदावरची माती

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी शाळेच्या माळवदावर चढलो आणि कुदळ घातली. परवानगी मागितली नव्हती. मागितली असती तर मिळाली नसती, आणि 'नाही' ऐकल्यावर चढायचं म्हणजे उघड बंड झालं असतं. तेवढी अक्कल मला तेव्हाही होती.

आमचं हायस्कूल कानडी मुलखाला लागून असलेल्या आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत, जुन्या बांधणीचं. जाड भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि त्यांवर लाकडं अंथरून केलेलं मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. वरच्या दोन वर्गांचं सायन्स मी मोठ्या दालनात शिकवत असे. तिथं इतका अंधार, की भर दुपारी परीक्षानळीतला रंग लाल की तपकिरी, यावर मुलांची भांडणं होत. इन्स्पेक्टरसाहेब येऊन गेले आणि लिहून गेले, की जूनपर्यंत दालन सुधारा, नाहीतर सायन्सही बंद आणि मॅट्रिकचा वर्गही बंद. म्हणजे मुलांनी पुण्याला जायचं. मुलं विणकरांची, धनगरांची, किरकोळ दुकानदारांची. त्यांच्या घरी पुणं कुणी पाहिलं नव्हतं.

संस्थेनं ठरवलं, खिडक्या मोठ्या करू, चुना लावू, पाण्याचा नळ घेऊ. फक्त माळवदाला हात लावायचा नाही.

त्याला कारण होतं. शाळेची पहिली मॅट्रिकची तुकडी बाहेर पडली, तेव्हा छपराची गळती बुजवायला प्रत्येकानं एकेक पाटी पांढरी माती वर नेऊन टाकली होती. तेव्हापासून प्रथाच पडली. परीक्षा झाली की मुलं पाट्या घेऊन हजर. हेडमास्तर नारळ फोडत, कुणी भाषण करी. मीही याच शाळेचा. अंगानं दांडगा, म्हणून एका पाटीऐवजी सात टाकल्या होत्या आणि त्याचा तोरा कॉलेजात जाईपर्यंत मिरवला होता.

खिडक्यांच्या कामाला मैंदर्गी गावचा एक म्हातारा गवंडी आला. भिंत राहिली बाजूला, तो आधी वरच बघत बसला. मग मला म्हणाला, "मास्तर, ही मदली तुळई बगितली न्हाय व्हय तुमी? खिडक्या मागनं पाडू की. आदी वरचं वजं काडा."

आम्ही दोघं वर गेलो. त्यानं पहार मातीत घुसवली आणि बाहेर काढून मला दाखवली. "माळवदाला ईतभर माती बास. हितं दोन हात हाय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गळलं की माती टाकायची. त्या वजनानं तुळई वाकायची. वाकली की वर खळगा, खळग्यात पाणी, आणि पुन्हा गळती. गळती वाढली की पुढची तुकडी आणखी माती टाकायची आणि शाबासकी मिळवायची. चाळीस वर्षं आम्ही सगळे शाळेवरच्या प्रेमानं शाळा मोडत होतो. आणि मी सायन्सचा मास्तर, त्याच तुळईखाली मुलांना वजन आणि दाब शिकवत होतो. मान वर करून बघितलं नव्हतं. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी गवंड्याची कुदळ उचलली.

दुपारपर्यंत अंगणात ढीग झाला. बातमी पेठेत फिरली आणि संस्थेचे अध्यक्ष आले. सुताचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. पहिल्या तुकडीतली पहिली पाटी त्यांची. अंगणातून ते म्हणाले, "मास्तर, खाली या. ती नुसती माती न्हाय. आमचं नाव हाय तितं."

"तुमच्यापर्यंत अजून पोचलो नाही, आप्पा," मी वरून म्हणालो. "तुम्ही सगळ्यात खाली आहात."

हे बोलायला नको होतं. पण बोललो, आणि मला बरं वाटलं. संध्याकाळी नोटीस आली. सोमवारच्या बैठकीत लेखी माफी द्या, माती परत चढवा, नाहीतर घरी जा.

बैठका ऑफिसात होत. त्या सोमवारी मी खुर्च्या दालनात, मधल्या तुळईखाली मांडून ठेवल्या. मंडळी आली तेव्हा म्हणालो, "छप्पर धड आहे असा ठराव करायचा ना? मग इथं बसून करा. तासभर बसा. मी माती स्वतः चढवतो आणि राजीनामाही देतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. एकाला पान थुंकायला जायचं आठवलं. वकील सभासदांना व्हरांड्यात वारा जास्त वाटला. पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या. आप्पा मात्र बसले. हट्टाला पेटलेला माणूस. मग मीही त्यांच्यासमोर बसलो. वरून बारीक माती झरत होती, ती त्यांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालावर पडली. त्यांनी ती झटकली नाही.

मग त्यांनी विचारलं, "पोरं कुटं बसत्यात?"

"तुम्ही बसलाय तिथंच. पहिली रांग."

"रोज?"

"रोज, दोन तास."

ते कानडीत स्वतःशी काहीतरी पुटपुटले आणि उठले. "आयतु, झालं. काडा माती. पर आमाला न इचारता कुदळ घातली, त्याची माफी लिवून द्या."

"माती काढतो. माफी लिहीत नाही."

"नोकरी कायम हुनार न्हाय."

"नको होऊ दे."

आणि चार वर्षं ती झाली नाही. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

मे महिन्यात सगळी माती उतरली. लोखंडी गर्डर आले, वर शहाबादी फरशी बसली, खिडक्या झाल्या, नळ आला. जुनी तुळई दोरानं खाली घेताना मी तिथंच उभा होतो. ती अर्ध्यावरच मोडली. आतून वाळवीनं पोखरलेली, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. ज्यांना फळा नीट दिसत नसे, त्यांना मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवत असे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या तासाला मी खडू उचलला नाही. पहिल्या रांगेसमोर उभा राहिलो, घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या सात पाट्यांसकट, आणि मुलांची माफी मागितली. लेखी हवी असेल तर तीही देतो म्हणालो.