विझलेल्या ज्वालामुखीवरचं रताळं
काल इथे बंगळूरच्या चामराजपेटेत गाडीवर रताळी भाजल्याचा वास आला आणि साठच्या दशकात पाहिलेला केनियातला डोंगर आठवला. बंगळूरहून मी तिथे नोकरीला असलेल्या थोरल्या भावाकडे गेलो होतो आणि निव्वळ हौसेने त्या विझलेल्या ज्वालामुखीवरचं राष्ट्रीय उद्यान बघायला निघालो. सोबत एक वयस्कर वाटाड्या होता. बांबूचं ओलं रान संपून धुकं दाटलं, तेव्हा त्याने थांबून शेकोटी पेटवली आणि भाजलेलं रताळं सोलून माझ्यापुढे धरलं. "आज माझा उपास आहे," मी म्हणालो. भारतीयांच्या दुकानात शिकलेल्या हिंदीत तो हसून म्हणाला, "बाबू, भगवान इसको भी ना बोलता है?" रताळं उपासाला चालतं, हे मला ठाऊक होतं, मला त्याच्या हातचं नको होतं. तासाभराने त्या विरळ हवेत, रिकाम्या पोटी, मी कोसळलो. त्याने मला पाठीवर घेऊन खाली आणलं आणि तेच गार रताळं कुस्करून मला भरवलं. मी मुकाट्याने खाल्लं. घरच्या पत्रात मात्र फक्त लांबून दिसलेल्या शिखरावरच्या बर्फाचं वर्णन केलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली. माझा सगळा संसार त्या माणसाच्या पाठीवरून उतरून आलेला आहे. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, ते आज मानतो.