ओढ्यात उलटलेला टँकर

मी कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकात, ओझरजवळच्या आमच्या मळ्याशेजारी तेलाचा टँकर ओढ्यात उलटला. ड्रायव्हर वाचला, पण काळं, चिकट तेल पाण्यावर पसरत गेलं आणि संध्याकाळपर्यंत मासे पोट वर करून तरंगू लागले.

आमचा झेंडू त्याच पाण्यावर होता. आईने गव्हाच्या भुशाची पोती भरून ओढ्यात आडवी लावायला घेतली.

"एवढं तेल भुशानं निघायचं नाय," वडील म्हणाले.

"निघंल तेवढं काढू," आई म्हणाली.

मग वडीलही पाण्यात उतरले. तेल पिऊन जड झालेली पोती आम्ही कित्येक दिवस ओढून बाहेर काढली. तरी ते पाणी पिकाला देता येईना, आणि झेंडू वाळलाच.

पुढच्या वर्षी पाणी स्वच्छ दिसत होतं, पण गाळात पाय टाकला की रंगीत तवंग वर यायचा. त्यानंतर काठाला लव्हाळा फुटला, बेडूक ओरडू लागले. एका सकाळी बाभळीवर खंड्या बसलेला दिसला.

"तो उगाच बसायचा नाय," म्हणत आई काठावर गेली. पाण्यात बोटाएवढे मासे होते. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

ओढा सावरला, असं मीही तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले. काठच्या बिळांतले खेकडे मात्र माझं लग्न होऊन मी शहरात आले तोवर परतले नव्हते. माहेरी गेले की अजूनही मी ती बिळं वाकून बघते.