तिचा फोन तोडायला मलाच बोलावलं

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी शिरूर-दौंड भागात घरोघरी वायफाय बसवतो. आज ज्या घरचा कॉल आला, ते जिच्याशी मी चोरून बोलतो तिचं घर निघालं. गाव सांगणार नाही.

तिच्या वडिलांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. चहा देऊन म्हणाले, "शेजारची पोरं फुकट नेट वापरत्यात. पासवर्ड बदलून दे." जुना पासवर्ड त्यांचाच मोबाईल नंबर होता. आपल्याकडं सगळ्यांचा तोच असतो. मी बदलला आणि घरातल्या सगळ्या फोनमध्ये नवा टाकून दिला.

मग हळूच म्हणाले, "आन् आमच्या पोरीचा फोन कायमचा तोड. रिचार्ज कवाच बंद केलंय, आता वायफायवरनं कुणाशी तरी बोलती. मारलं तरी नाव सांगत न्हाई."

माझ्या मोबाईलवर, वायफायला जोडलेल्या फोनच्या यादीत तिचा फोन दिसत होता. फक्त बोट लावायचं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून सांगत होती, करून टाक, गप निघून जा.

पण माझं डोकं फिरलं. "आप्पा, पोरीवर हात उचलता? लाज वाटत न्हाई?"

ते आधी माझ्याकडं बघत राहिले, मग तिच्याकडं. "म्हंजी ह्योच व्हय?"

मला बाहेर ढकललं आणि आतून कडी लागली. फोन मी तोडला नाही. तरी तिचा एकही मेसेज नाही.

मार खाऊन तिनं जपलेलं नाव मी एका वाक्यात देऊन टाकलं. खरं सांगा, तुम्ही गप बसला असता?