दोन सूत आखूड

ज्या काठीविषयी लिहीत आहे ती मीच मोडली होती. हे आधी सांगितलेले बरे. पुढचे वाचून कोणी मला उदार समजू नये.

ती पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळाची काठी. तिला क्यू म्हणतात. आम्ही काठीच म्हणत असू. लांबी चार फूट नऊ इंच. वरचा भाग फिक्या विलायती लाकडाचा, मुठीचा भाग काळ्या आबनुसाचा. दोन्ही लाकडे एकमेकांत अशी बसवलेली की काळी चार टोके भाल्याच्या पात्यांसारखी फिक्या लाकडावर चढलेली दिसत. गिरणीतले एक वृद्ध साहेब निवृत्त होऊन जाताना ती माझ्या मित्राला देऊन गेले. मित्र विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम होता, मी सुतारखात्यात. कामगार क्लबाच्या टेबलावर त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता. दुसरा क्रमांक माझा होता.

त्याची एक सवय मला आवडत नसे. फटका मारण्यापूर्वी तो काठी हातात एकदा गोल फिरवी, मगच वाके. बघणाऱ्यांना ते मोठे शोभिवंत वाटे. मला तो नखरा वाटे.

सुतारखात्यात माझे काम धोटे तपासण्याचे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. तो तोलात किंचित चुकला तर मागातून उडतो आणि समोरच्या माणसाचा डोळा घेतो. सव्वीस वर्षे मी चुकलेला धोटा पुढे जाऊ दिला नाही. त्यावरून जॉबर लोकांशी माझी भांडणे होत. मित्राशीही होत, पण संध्याकाळी आम्ही पुन्हा टेबलापाशी असू.

गिरणी बंद पडली. क्लबाचे टेबल मित्राने उचलले आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या शेडमध्ये, चार मागांच्या शेजारी, मांडले. तिथेही आम्ही खेळत होतो. एका रविवारी खेळताना त्याच्या सदऱ्याची बाही एका चेंडूला लागली आणि चेंडू हलला. मी डाव थांबवला.

"बाही लागली."

"कुटं लागली? न्हाय लागली."

"लागली. मी पाहिले."

शेडमधले सात-आठ जण आमच्याकडे पाहत होते. मित्र त्यांच्याकडे वळून हसला. "बघा की! गिरणीला कुलूप लागलं, पन मिस्त्रीची तपासणी चालूच हाय!"

सगळे हसले. मला नोकरी नव्हती त्याला तेव्हा चार महिने झाले होते. त्याची काठी टेबलाला टेकून उभी होती. मी ती उचलली आणि टेबलाच्या कडेवर हाणली. काळी टोके संपतात त्याच्या थोडे वर ती तुटली. मित्राने दोन्ही तुकडे उचलले, फडक्याने पुसले आणि आत घेऊन गेला. मी घरी आलो. त्यानंतर बावीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सोलापूर मोठे नाही. बाजारात, लग्नात, दवाखान्यात तो दिसे. मी रस्ता बदलीत असे; कधी तो बदलीत असे.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर त्याची मुलगी माझ्या दारात आली. शाळेत शिकवते. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेले तुकडे.

"काका, ओळखलंत का?"

"ओळखले. बस."

ती बसली नाही. साखरेच्या आजाराने वडिलांची नजर गेल्याचे तिने सांगितले. उजेड-अंधार तेवढा कळतो. "दिवसभर खाटेवर बसून असतात. मधेच विचारतात, माझी काठी कुठाय? हातात दे म्हणतात. तुकडे कसे देऊ? हे जोडता येईल का?"

मी तुकडे पाहिले. "जोडता येणार नाही. नवी करता येईल."

"तशीच?"

"तशीच."

"अगदी जशी होती तशीच करा, काका. नान्नांचा हात शोधतो तिला." वडिलांना ती तेलुगूत नान्ना म्हणते.

मी होय म्हटले. ती गेल्यावर पुष्कळ वेळ तुकडे मांडीवर घेऊन बसलो. काठी त्याच्या हातात द्यायची आणि एक वाक्य बोलायचे, असे त्या दिवशी ठरले. वाक्य साधे होते: माझे चुकले. मी ते आयुष्यात फारसे वापरलेले नाही.

फिके लाकूड बंगळुरूच्या एका व्यापाऱ्याकडून मागवले. काळे मिळेना. शेवटी बार्शीला एका जुन्या सामानाच्या दुकानात आबनुसाचे मुसळ सापडले. कोणा घरच्या तीन पिढ्यांनी त्याने कांडले असावे. टोक झिजले होते, गाभा लोखंडासारखा होता. एसटीत मांडीवर आडवे घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, लग्नघरचं बोलावणं हाय का?"

आता काम. या जोडाची रीत अशी की फिक्या लाकडाचे खालचे टोक चारही बाजूंनी निमुळते तासायचे, प्रत्येक सपाटीवर काळी पट्टी सरसाने चिकटवायची, आणि सगळे वाळल्यावर गोल करायचे. गोल करताना काळ्या पट्ट्या वरच्या अंगाला आपोआप टोकदार होतात. चारही सपाट्या सारख्या तासल्या तर चारही टोके सारखी येतात. आत निमुळतेपणा किती ठेवला आहे हे बाहेरून अचूक कळत नाही. अंदाजाने करता आले असते. मला अंदाज मान्य नव्हता. मी जुनी मूठ शिकंज्यात धरली आणि करवतीने उभी चिरली. आतले माप मिळाले. मुठीच्या दोन फाका झाल्या. मोजणीसाठी त्यांचे आणखी आडवे काप घेतले. ते चुलीपाशी ठेवले आणि पुढे पाणी तापवताना जळून गेले.

चिरण्यापूर्वी मी टोके मोजली होती. तीन सारखी होती. चौथे दोन सूत आखूड होते. सुताराच्या मापात इंचाचे आठ सूत होतात, तेव्हा हा फरक पाव इंचाचा. त्या बाजूवर कारागिराचा रंधा कमी चालला होता. सरसही तिथे आकसला होता, त्यामुळे त्या टोकाशी लाकडाची कड बोटाला लागे. वहीत मी लिहिले: चौथे टोक, दोष.

जशी होती तशीच, असे मुलीने सांगितले होते. मी ते विसरलो नव्हतो. पण दोष ठेवून वस्तू हातावेगळी करणे मला कधी जमलेले नाही. शिवाय मनात असे होते की मोडलेल्याहून चांगली द्यावी. भरपाई म्हणतात ती अशीच असावी. मी चारही बाजू एकसारख्या तासल्या. पट्ट्या सुतळीने आवळून वाळवल्या. एकदा एक पट्टी सरकली, ती उकळत्या पाण्याने सोडवून पुन्हा बसवली. अडीच महिने लागले. शेवटी लाखेचे पॉलिश करून उजेडात धरली तेव्हा चारही टोके एका रेघेवर होती. बोट फिरवले तर जोड कुठे आहे ते कळत नव्हते. असे काम मी गिरणीतही केले नव्हते.

सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या घरी गेलो. घरालगतच्या शेडमध्ये दोन माग चालू होते, त्याच्या पुतण्याचे. टेबल होते, त्यावर चादरींचे गठ्ठे रचलेले. दारापाशी खाटेवर तो बसला होता. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने मान वर केली.

"मिस्त्री की रे! पाऊल मोजून टाकतोस अजून."

"कसा आहेस?"

"मला काय धाड भरलीय? तूच म्हातारा झाला असशील. बरं हाय मला दिसत न्हाय ते. माझ्या लेखी तुझे केस काळेच. फायदा तुझाच की."

मुलगी हसली. मीही हसलो असेन. तिने स्टूल आणून दिले. मागाच्या खडखडाटात हळू बोललेले ऐकू येत नाही, म्हणून मित्र पुढे वाकला.

"त्या दिशी बाही लागली होती. मला बी कळलं होतं. पन एवढ्या लोकांत कसं म्हनू?"

बावीस वर्षांनी माझे खरे ठरले. मला आनंद झाला. तो आनंद इतका होता की ठरवलेले वाक्य मागे राहिले. "मी तेव्हाच सांगितले होते," असे मी म्हणालो, आणि काठी त्याच्या हातात दिली.

त्याने ती दोन बोटांवर तोलली. "वजन बरोबर. लांबी बरोबर." मूठ धरली. मग काठी हातात गोल फिरवली, तशीच, पूर्वीसारखी. पण थांबला नाही. पुन्हा फिरवली. त्याचा अंगठा जोडाच्या जागी पुढे-मागे होत होता. तिसऱ्यांदा फिरवली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू कमी झाले.

"ते कुटं गेलं?"

"काय?"

"आखूड टोक."

"चूक होती ती. दुरुस्त केली."

"तितं अंगठा लागला की काठी कुटल्या अंगानं धरलीय ते कळायचं मला. बगायला लागत न्हवतं." काठी त्याने मांडीवर ठेवली. "ह्ये तर सगळीकडनं सारकंच लागतंय."

मी ज्या फिरवण्याला नखरा समजत होतो त्याचे कारण हे.

मुलगी म्हणाली, "काका, जशी होती तशी म्हटलं होतं की मी."

मित्र म्हणाला, "असू दे. माझे तुकडे तरी दे. मूठ तेवढी हातात धरून बशीन."

"चिरली."

"काय?"

माग चालू होते. मला मोठ्याने सांगावे लागले. "आतले माप घ्यायला मूठ चिरली. राहिली नाही."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरे झाले असते.

"पयल्यांदा मोडलीस तवा निदान रागात तरी होतास," तो म्हणाला.

मी म्हटले, दुसरी करतो. मुसळातले लाकूड उरले आहे. एक टोक दोन सूत आखूड ठेवतो.

"नको. आता तू मोजून चुकनार." मग मुलीला म्हणाला, "मिस्त्रीला च्या दे. साखर घाल, त्याला चालती." त्यानंतर तो मागांच्या आवाजाकडे कान देऊन बसला. मी चहा घेतला. कपबशी खाली ठेवली. ते वाक्य तेव्हाही बोलता आले असते. त्याचा आता भरपाईशी संबंध राहिला नव्हता म्हणून बोललो नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण मला ठाऊक आहे. त्याने चूक कबूल केली होती आणि मला बरोबरच राहायचे होते.

काठी मी तिथेच ठेवून आलो. बोलावणे आले नाही. मीही गेलो नाही.

दिवाळीपूर्वी त्या गल्लीतून जाण्याचे काम निघाले. त्यांच्या अंगणात मुलगी कपडे वाळत घालत होती. तारा उंच बांधलेल्या आहेत, हात पोचत नाही. ओले धोतर तिने काठीच्या टोकावर घेतले, वर सरकवले आणि तारेवर पसरले. काठी तीच, मी केलेली. सरळ आणि हलकी असल्याने त्या कामाला योग्य होती. पाण्याने पॉलिश पांढरे पडले होते. तिने मला पाहिले की नाही ते सांगता येत नाही. मी थांबलो नाही. काठी तिने भिंतीला टेकवली तेव्हा मुठीवर ऊन पडले, आणि रस्त्यावरूनही दिसले की चारही टोके सारखी होती.