खाकी कागदातली पुस्तकं

माझी नात चौथीत आहे. परवा सून म्हणाली, "आई, हिला वाचायला काय काय द्यायचं, एक यादी करून द्या ना." यादी म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. किराण्याची यादी करावी, पुस्तकांची कशी करणार? वाचणारी कोण, ती कोणत्या घरात बसून वाचणार, कोणाच्या देखत वाचणार, हे कळल्याशिवाय मी आता कुणाला पुस्तक सुचवत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीला कंटाळा आला. वाटू दे. एके काळी मी पुस्तकं फार सुचवायची आणि मोठ्या तोऱ्यात सुचवायची.

साठचं दशक सरत आलं होतं. फैजपूरच्या केळीच्या बागांमधून उठून मी धुळ्याला आले, देवपुरातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून. शाळा सातवीपर्यंतची. पहिल्याच महिन्यात मोठ्या बाईंनी माझ्या हातात एका कपाटाच्या किल्ल्या दिल्या. आत सव्वाशे-दीडशे गोष्टींची पुस्तकं होती, अर्धी पाठ मोडलेली, काही उंदरांनी चाखून सोडलेली. मी नवी होते, अंगात उत्साह मावत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मैद्याची खळ शिजवली, खाकी कागदाचे ताव आणले आणि एकूण एक पुस्तकाला कव्हर घातलं. वर चौकोनी चिठ्ठी, चिठ्ठीवर शाळेचं नाव आणि आकडा. शाळा उघडल्यावर मोठ्या बाईंनी कपाट पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसं शाळेचं वाटतं." त्या वाक्यावर मी चार दिवस जगले.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. सगळी पुस्तकं एकसारखी दिसायला लागली होती. कोणतं परीचं, कोणतं चोरांचं, कोणतं नुसतं उपदेशाचं, बाहेरून काही कळायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी कपाट उघडलं की मुली माझ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "बाई, मी कोणतं घेऊ?" हे वाक्य ऐकायला मला फार गोड लागायचं. मी कमरेवर हात ठेवून मुलीकडे बघायची, जरा विचार केल्यासारखं करायची आणि एक पुस्तक काढून द्यायची. माझे ठोकताळे ठरलेले होते. भांडखोर मुलीला शौर्याचं. हळवीला प्राण्यांचं. पाचवीला पातळ, सातवीला जाड. एकदा एका मुलीला मी बाप वारल्याची गोष्ट दिली. तिचे वडील तेव्हा खरोखरच अंथरुणाला खिळलेले होते. ती पुस्तक न उघडताच परत देऊन गेली असती तर बरं झालं असतं. तिनं ते पूर्ण वाचलं. मी मनाशी म्हटलं, होतं असं कधी कधी. उपदेशाची पुस्तकं सोमवारी सकाळीच परत यायची. "छान होतं, बाई." म्हणजे वाचलेलं नाही, हे मला कळायचं. आणि ज्या मुलींनी पांझरा नदीच्या पुरापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्या समुद्राच्या पुस्तकांवर तुटून पडायच्या.

त्यांच्यात एक मारवाडी घरातली मुलगी होती. मी आले तेव्हा चौथीत, ही गोष्ट घडली तेव्हा सहावीत. राहायची देवपुरातच, घरचं दुकान नदीपलीकडे पेठेत. सोनगीरहून येणाऱ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. बोलायला अगदी कमी, पण शनिवारी पुस्तक नेल्याशिवाय राहायची नाही आणि सोमवारी परत आणल्याशिवायही राहायची नाही. मी इतरांना तिचं उदाहरण द्यायची. ती एवढी भराभर कशी वाचते, घरी कोण वाचू देतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग जळगावला शिक्षकांचं आठ दिवसांचं शिबिर झालं. तिथे एका गृहस्थांनी आम्हाला झाडलं. म्हणाले, मुलं आधी पुस्तकाचं तोंड बघतात, तुम्ही ते झाकून ठेवता आणि वर म्हणता मुलं वाचत नाहीत. मला ते इतकं पटलं की परतीच्या बसमध्ये माझी स्वतःवरच चिडचिड झाली. मी तशी तापट. राग आला की लगेच काहीतरी करून मोकळी होते. शनिवारी शाळा भरायच्या आधी जाऊन सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढली. झाडलोट करायला आलेली अक्का दारात उभी राहिली. तो कागदांचा ढीग बघून म्हणाली, "बठ्ठा कागद फाडी टाकात का, बाई? इतली मेहनत करेल व्हती." मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं.

त्या दिवशी वर्गात जत्रा भरली. लाल, पिवळी, निळी चित्रं. मुली आपापलं निवडायला लागल्या, मला कुणी विचारीना. थोडी चुटपुट लागली, पण आनंदही झाला. ती मुलगी मात्र भिंतीला टेकून उभी. ओढणीचं टोक दातात. मी म्हटलं, "तू का थांबलीस?" ती चित्रांकडे बघून मागे सरली. शेवटी मीच एक जाड पुस्तक उचललं. वर होडीत उभी राहिलेली एक मुलगी, केस मोकळे सोडलेले, मागे काळे ढग. चित्र मला फार आवडलं. "हे घे. हे तुझ्यासाठीच आहे."

ती हळूच म्हणाली, "बाई, ह्याला कव्हर घालून देता का?"

मी हसले. "का गं, पुस्तकाला थंडी वाजते का?"

सगळा वर्ग हसला. तिनं पुस्तक दप्तरात घातलं आणि मान खाली घालून गेली. ते हसू आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. आठवडा गेला. तिच्याच गल्लीतली एक मुलगी वर्गात होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "बाई, तिना आजाबानी ते पुस्तक दखं. आते तिले शाळामा धाडाव नहीत म्हणे." आजोबांनी पुस्तक पाहिलं आणि शाळा बंद. एवढ्या मोठ्या बातमीला तिला दोन वाक्यं पुरली.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत गादीवर आजोबा बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर केशरी टिळा. मला वाटलं, अंगावर येतील. त्यांनी उलट लोडाकडे बोट दाखवलं, पितळी पेल्यात पाणी मागवलं. "बाई, तुमी घरी आल्या, चांगलं झालं. बसा." मग कपाटातून ते पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधलेलं होतं.

"शाळेचं पुस्तक म्हणून आमी कधी काही बोललो नाही," ते म्हणाले. "एकदा माझा पाय लागला, तर उचलून कपाळाला लावलं. आणि आत काय, तर किस्से-कहाण्या. तो खाकी कागद कोणी लावत होतं? मुलगी?"

प्रश्न साधा होता, पण त्यावर तिचं सगळं अवलंबून होतं हे मला कळलं. पोरीनं फसवलं, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"मी लावला होता," मी म्हटलं.

"कशापायी?"

"पुस्तकं मळू नयेत म्हणून."

"मग काढला कशापायी?"

आठ दिवसांच्या शिबिरात ह्याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांचा आवाज चढला नाही. मुलगी परीक्षेपुरती येईल, म्हणाले, सहावी पुष्कळ झाली, वाचून घर चालत नाही. मी दोन-चार शब्द बोलले, ते वाऱ्यावर गेले. पुस्तक घेऊन उठले.

बाहेर पडायच्या बोळात दाराआड एक बाई उभी होती. डोक्यावरून हनुवटीपर्यंत घुंगट. मुलीची आई. तिचं माहेर जळगावकडचं, त्यामुळे मराठी आपल्यासारखी. तिनं मला थांबवलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तिला तिचा भाऊ सापडतो का?"

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. दर शनिवारी दुपारी पुरुषमाणसं दुकानात असली की ती शिवायला बसायची आणि मुलगी वाचून दाखवायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्या दिवशी होडीतली मुलगी वादळात हरवलेल्या भावाला शोधायला निघाली, तेवढ्यात आजोबा दुकानातून लवकर घरी आले. गोष्ट तिथेच राहिली. आठ दिवस ती बाई त्या वादळात अडकून पडली होती.

"सांगा ना," ती म्हणाली. "सापडतो का?"

मी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. सापडतो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घुंगटाआडून ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते जमलं नाही. मी खरं सांगितलं.

तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "मग पोरीला कशावरून दिलंत?"

"चित्र चांगलं होतं."

मी तिथेच बोळात उंबऱ्यावर बसले, फडकं सोडलं आणि जिथे राहिलं होतं तिथून वाचायला लागले. मुलगी आतून येऊन आईला चिकटून बसली. पंधरा-वीस पानं असतील. भाऊ सापडतो, होडी मात्र फुटते, आणि दोघं एका फळकुटाला धरून किनाऱ्याला लागतात. पुढच्या खोलीतून एक खोकलाही ऐकू आला नाही.

वाचून झाल्यावर आईनं पदरानं नाक पुसलं. म्हणाली, "सोळा वर्षं झाली, सासऱ्यांशी मी बोललेली नाही. आमच्यात बोलत नाहीत. तुम्ही आत जाऊन सांगा. पुस्तकं मी मागायची, पोर आणायची. रागवायचं तर मला रागवा म्हणावं."

मी आत गेले आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलंच असणार, दोघांत एक भिंत तेवढी होती. तरी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारा त्यांना, किती दिवस हे चाललं?"

मी दारात आले. तिनं सांगितलं, दोन वर्षं. मी परत गेले. "दोन वर्षं म्हणतात."

"दोन वर्षं," ते म्हणाले. बराच वेळ गादीवरची सुरकुती नीट करत राहिले. "त्यांना म्हणावं, सातवी होऊ द्या. त्याच्या पुढं मला विचारू नका."

मुलगी सोमवारी शाळेत आली. मी कपाटातलं पहिलं पुस्तक घरी नेलं, मग दुसरं, आणि वर्षभरात सगळी वाचून काढली. शनिवारी ती नवं पुस्तक न्यायची आणि सोमवारी आईचं मत घेऊन यायची. "आई म्हणाली, ह्यातला राजा उगीच रडतो." "आई म्हणाली, ह्या गोष्टीत आईला एक शब्दही बोलायला दिलेला नाही." मी ते मुकाट्यानं ऐकायची आणि इतर मुलींना सुचवताना तेच माझं म्हणून सांगायची. त्या वर्षीच्या माझ्या निम्म्या शिफारशी त्या बाईच्या होत्या.

सातवीची परीक्षा झाली. निकालाच्या आधी तिची सोयरीक ठरली. मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. आजोबांनी पुन्हा पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, मी शब्द पाळला." ते खरंच होतं. नदीकाठानं मी रडत परत आले, कारण मला कुणावर चिडताही येत नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी कपाट उघडून बसले होते, तर दारात मुलीची आई. घुंगट तसाच. तिनं टेबलावर पुस्तक ठेवलं, परीक्षेच्या आधी मुलीनं नेलेलं.

"वाचलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिनं वाचून दाखवलं का?"

"नाही. मी वाचलं. सुट्टीत तिनं मला अक्षरं शिकवली. दोन महिने लागले ह्याला." मग म्हणाली, "आता मी तिला वाचून दाखवते. तिला वेळ कुठे आहे? दिवसभर लग्नाच्या ओढण्यांना गोटा, म्हणजे जरीची किनार, लावत बसते. पण कान असतो तिचा. आणखी एक द्या."

मी उठून कपाटाशी गेले. सगळी पुस्तकं माझी वाचलेली होती. वर्गातल्या मुली वाट बघत उभ्या होत्या. चौदा वर्षांची नवरी गोटा लावता लावता ऐकेल, असं पुस्तक कोणतं, ते मला सांगता येईना. मग तिला म्हटलं, "तुम्हीच निवडा."

ती पुढे आली आणि एकेका पुस्तकावर बोट ठेवून, ओठ हलवत, नावं वाचायला लागली.